चालत्या बाईचे रक्त

ज्येष्ठ वद्य अष्टमीस आळंदीहून प्रस्थान ठेवलेली ज्ञानेश्वर महाराजांची पालखी दुसऱ्या दिवशी दिघीवरून पुण्याच्या विश्रांतवाडीत येते, तेव्हा आळंदी रस्त्याच्या दोन्ही कडांना दाटलेल्या जनसमुदायाचे डोळे साहजिकच रथाकडे, पताकांकडे आणि टाळकऱ्यांच्या पावलांकडे लागलेले असतात. परंतु ज्या स्त्रिया डोक्यावर तुळशीवृंदावन किंवा पाण्याची कळशी घेऊन त्याच दिंड्यांतून चालतात, आणि ज्यांपैकी पुष्कळ अद्याप पाळी येण्याच्या वयात आहेत, त्यांच्या शरीरात त्या दिवशी काय चालले असेल, हा प्रश्न कडेला उभ्या असलेल्यांपैकी फार थोड्यांच्या मनात येत असावा. आळंदी ते पंढरपूर हे अंतर सुमारे २५० किलोमीटरांचे आणि आषाढी एकादशीपर्यंतचा हा प्रवास जवळजवळ तीन आठवड्यांचा. तेव्हा जिची पाळी २८ दिवसांनी येते तिला ती वाटेत कुठेतरी गाठणार, हे बहुधा ठरलेलेच. जिच्या अंगावरून बेताने जाते ती चार दिवस निभावून नेते. परंतु जिला दर तासा-दोन तासांनी घडी बदलावी लागते, जिच्या गाठी पडतात, साडीला डाग लागला असेल या धास्तीने जी शेजारून चालणाऱ्या बाईला ‘मागं बघ गं जरा’ म्हणून पुनःपुन्हा विनवते, तिने पुण्याहून सासवडला जाताना दिवे घाटाची चढण कोणत्या बळावर चढावी?

म्हणूनच वारीच्या तोंडावर, आणि त्याचप्रमाणे गौरीगणपतीच्या व नवरात्राच्या आधी, औषधांच्या दुकानांत ‘पाळी पुढं ढकलायची गोळी’ मागितली जाते. ही गोळी बहुतकरून नॉरएथिस्टेरॉन या संप्रेरकाची असते. पाळीच्या अपेक्षित तारखेपूर्वी तीन दिवसांपासून ती दिवसातून तीन वेळा घ्यायची असते, ती चालू असेतो गर्भाशयाचे अस्तर टिकून राहते आणि ती बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते. एरवी निरोगी असलेल्या स्त्रीने वैद्यकीय सल्ल्याने क्वचित घेतल्यास तीत भिण्यासारखे फारसे नाही. तथापि या मात्रेत तिचा काही अंश शरीरात इस्ट्रोजेनमध्ये रूपांतरित होतो. ज्या स्त्रीच्या पायाच्या किंवा फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत पूर्वी रक्ताची गुठळी झाली आहे, अथवा जिला डोळ्यांपुढे चमकणाऱ्या रेषांसह अर्धशिशी उठते, तिने ती परस्पर घेऊ नये. ही विचारपूस दुकानाच्या फळीवर गर्दीच्या वेळी होत नाही. आणि जिचा मूळ विकारच अतिस्रावाचा आहे, तिचे दुखणे या गोळीने केवळ पुढच्या मुक्कामावर जाते.

या स्त्रियांना दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही. ज्या परंपरेच्या वाटेवर ही गोळी घेतली जाते, त्याच परंपरेतल्या सोयराबाईने, चोखामेळ्याच्या पत्नीने, चौदाव्या शतकात देहाच्या विटाळाविषयी उघड रचना केली आणि ज्यापासून देह घडतो त्यालाच अमंगळ कसे म्हणावे, असा रोकडा प्रश्न विचारला. त्या प्रश्नाला सहा शतके उलटून गेली तरी देवदर्शनाच्या वेळी पाळी नको ही भावना टिकून आहे, आणि तिच्याआड लपून राहिलेला आजार त्यामुळेच कोणाच्या नोंदीत येत नाही.

वारी वर्षातून एकदा येते. विश्रांतवाडीतल्या बाया मात्र बारमाही चालतात. धानोरी, कळस, टिंगरेनगर या बाजूंना गेल्या दोन-तीन दशकांत जी गृहसंकुले उभी राहिली, त्यांतली धुणीभांडी, केरफरशी आणि स्वयंपाक करणाऱ्या स्त्रिया सकाळी घर सोडतात ते चार-पाच घरे उरकून दुपारी परततात. ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या कचरावेचक बाया ढकलगाडी लोटीत एकेका इमारतीचा कचरा गोळा करतात. त्याच वेळी मोकळ्या मैदानांवर पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुली फेऱ्या मारीत असतात. यांच्यापैकी कोणालाही ‘त्या दिवसांत जरा विश्रांती घ्या’ हा सल्ला पाळता येण्यासारखा नाही. कामाचा खाडा झाला तर पगार कापला जातो आणि सरावाचा खाडा झाला तर वर्ष जाते. आणि वैद्यकशास्त्राच्या दृष्टीनेही तो सल्ला मुळात निराधार आहे. पाळीच्या दिवसांत चालण्याने, धावण्याने वा वजन उचलण्याने गर्भाशयाला इजा होत नाही. उलट बेताच्या व्यायामाने ओटीपोटातले दुखणे पुष्कळ स्त्रियांना कमी होते असा अनुभव आहे. बाईला निजवून ठेवण्याने काही साधत नाही. तिचे रक्त वाजवीपेक्षा जास्त का जाते हे शोधून काढणे आणि गेलेल्या रक्ताची भरपाई करणे, एवढेच खरे काम आहे, आणि नेमके तेच होत नाही.

जास्त म्हणजे किती, याचा निवाडा आपल्याकडे बाईच्या सासूने, जावेने किंवा शेजारणीने करायचा असतो, आणि तो बहुधा ‘बायकांना असतंच’ या एका वाक्यात निकालात निघतो. स्वीडनमधील गॉथेनबर्ग शहरातील स्त्रियांचे स्राव प्रत्यक्ष मोजून १९६६ साली हालबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी जे निष्कर्ष मांडले, त्यांवरून एका पाळीत सरासरी ४० मिलिलिटरच्या आसपास रक्त जाते आणि ८० मिलिलिटरच्या वर गेले की शरीरातील लोहाला ओहोटी लागते, असा दंडक पडला. पुढे ब्रिटनमधील ‘नाइस’ या संस्थेने २००७ मध्ये व्याख्या बदलली: ज्या रक्तस्रावाने स्त्रीच्या शारीरिक, मानसिक, सामाजिक वा आर्थिक जीवनात अडथळा येतो तो अतिस्राव. मला ही दुसरी व्याख्या अधिक न्याय्य वाटते, कारण तिच्यात साक्ष स्त्रीची धरली आहे. परंतु दवाखान्यात साक्षीला पुरावा लागतो, आणि तो घरच्या घरी तयार करण्याची एक सोपी रीत १९९० साली ब्रिटनमधील हायम या वैद्य बाईंनी सुचविली. पॅड बदलताना ते नुसते डागाळले असेल तर १ गुण, मध्यम भिजले असेल तर ५, आणि पूर्ण भिजून गेले असेल तर २० गुण, असे साऱ्या पाळीभर वहीत टिपत जायचे. बेरीज १०० किंवा त्याहून अधिक झाली तर अतिस्रावाचा संशय घ्यावा. घरकाम करणाऱ्या बाईला वही काढण्याची सवड नसेल तर दिनदर्शिकेच्या चौकोनात आडव्या-उभ्या रेघा मारूनही हे साधते. असे टिपलेले ते पान डॉक्टरांच्या टेबलावर ठेवले की ‘फार जातं हो’ या मोघम शब्दांना एकदम वजन येते. रात्री पॅड बदलण्यासाठी उठावे लागणे, एकाच वेळी दोन पॅड लावावे लागणे, पाळी सात दिवसांहून अधिक लांबणे आणि जुन्या रुपयाच्या नाण्याएवढ्या गाठी पडणे, ही लक्षणे त्याच पानावर नमूद करावीत.

आता लोहाचा हिशेब. निरोगी स्त्रीच्या एक मिलिलिटर रक्तात साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह असते. म्हणजे ८० मिलिलिटर रक्ताबरोबर ४० मिलिग्रॅम आणि दुपटीने स्राव झाल्यास ८० मिलिग्रॅम लोह निघून जाते. अन्नातून मात्र दिवसाकाठी एक ते दोन मिलिग्रॅमच लोह अंगी लागते, आणि त्यातलेही जवळजवळ एक मिलिग्रॅम शरीराच्या नित्याच्या झिजेत खर्ची पडते. उरलेल्या शिलकेतून महिन्याचा हा तोटा भरून निघत नाही. तो दर महिन्याला वाढत जातो. येथे एक बारकावा आहे, आणि तो पळणाऱ्या मुलींच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. हिमोग्लोबिन हे स्वयंपाकघरातल्या डब्यातल्या पिठासारखे आणि फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याचे माप, हे कणगीतल्या धान्यासारखे. कणगी रिकामी होत आली तरी डबा काही दिवस भरलेला दिसतो. म्हणून हिमोग्लोबिन १२ च्या वर असूनही फेरिटिन तळाला गेलेली मुलगी ‘तपासणीत काही निघालं नाही’ एवढाच निर्वाळा घेऊन परत येते, आणि तिची दमछाक आळसाच्या खाती टाकली जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २०२१ या काळात, महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. त्याआधीच्या फेरीत हेच प्रमाण ४८ टक्के होते. हा आकडा हिमोग्लोबिनचा आहे. डबा भरलेला पण कणगी रिकामी, अशा स्त्रिया त्यात धरलेल्याच नाहीत.

महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीत मुलींची मैदानी चाचणी ५० गुणांची असते आणि त्यांतले २० गुण ८०० मीटर धावण्याला आहेत. एका-एका गुणावर निवड अवलंबून असलेल्या या चाचणीत ज्या मुलीचा वेळ कारण न कळता महिन्यामागून महिना वाढत जातो, जिला दुसऱ्या फेरीपासूनच पोटऱ्या जड लागतात आणि छातीत धडधड होते, तिला प्रशिक्षक बहुधा आहार वाढवायला किंवा सराव वाढवायला सांगतो. पाळीविषयी तो विचारीत नाही आणि ती सांगत नाही. ही स्थिती केवळ आपल्याकडेच आहे असेही नव्हे. लंडन मॅरेथॉनमध्ये धावलेल्या स्त्रियांना धरून झालेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मॅरेथॉनपटूंपैकी ३६ टक्के स्त्रियांना अतिस्राव होत असल्याचे दिसून आले, उच्च श्रेणीच्या खेळाडूंतही प्रमाण जवळजवळ तेवढेच होते, आणि वैद्यकीय सल्ला घेतलेल्या स्त्रिया एकंदरीत जेमतेम २२ टक्के. ज्या देशात डॉक्टरकडे जाण्यास पैसा पडत नाही, तेथे ही कथा. मग विश्रांतवाडीच्या मैदानावरल्या मुलीने गप्प राहावे यात नवल नाही.

लोहाच्या गोळ्या घेण्याचीही रीत आहे, आणि ती ठाऊक नसल्यामुळे पुष्कळ गोळ्या वाया जातात. चहाबरोबर गोळी घेतली तर चहातील टॅनिन लोहाला अडवते; लिंबू, आवळा, पेरू यांच्या सोबतीने ते अधिक शोषले जाते. दमवणारा व्यायाम झाल्यावर तीन ते सहा तासांत यकृतातून हेप्सिडिन नावाचे द्रव्य वाढते आणि आतड्यातून लोह आत येण्याची वाट बंद करते, म्हणून धावणाऱ्या मुलीने गोळी सकाळी सरावापूर्वी किंवा सराव संपताच घ्यावी, दुपारच्या जेवणानंतर नव्हे. दररोज घेण्याऐवजी एक दिवसाआड घेतल्यास लोह अधिक प्रमाणात शोषले जाते आणि मळमळही कमी होते, असे स्वित्झर्लंडमधील अलीकडच्या संशोधनात दिसले आहे. हिमोग्लोबिन सुधारल्यावरही कणगी भरण्यासाठी आणखी सुमारे तीन महिने गोळ्या चालू ठेवाव्या लागतात. पहिल्या महिन्यात बरे वाटले म्हणून डबी बाजूला ठेवणाऱ्या स्त्रीला पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तोच अशक्तपणा येतो.

परंतु गळती चालू असताना नुसती भर घालीत राहणे व्यर्थ आहे. गळती थांबविण्याचे उपाय आहेत, ते जुने आहेत आणि त्यांतले काही स्वस्तही आहेत. ट्रॅनेक्सामिक आम्ल हे औषध उताको आणि शोसुके ओकामोतो या जपानी संशोधक दांपत्याने १९६२ साली जगापुढे मांडले. बाळंतपणातील रक्तस्रावाने दगावणाऱ्या स्त्रियांना वाचवावे ही त्यांची मूळ प्रेरणा होती. ते संप्रेरक नव्हे; झालेली गुठळी लवकर विरघळू नये एवढेच त्याचे काम. पाळीच्या जास्त स्रावाच्या चार-पाच दिवसांतच ते घ्यायचे असते आणि त्याने स्राव साधारण ४० ते ५० टक्क्यांनी घटतो. दिवसभर चालायचे अथवा धावायचे असलेल्या स्त्रीला याहून सुटसुटीत औषध सापडणे कठीण. मेफेनॅमिक आम्ल वेदना आणि स्राव दोन्ही थोडे कमी करते. गर्भाशयात बसविण्याचे लेव्होनॉरजेस्ट्रेलचे साधन पाच वर्षे काम देते आणि पुष्कळ स्त्रियांचा स्राव नाममात्र करून ठेवते. त्याची किंमत मात्र गरीब घराला जड जाते. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत शोधलेले आणि २०१६ पासून ‘छाया’ या नावाने शासनाच्या कुटुंबनियोजन कार्यक्रमात मिळणारे ऑर्मेलोक्सिफेन हेही अतिस्रावासाठी डॉक्टर वापरतात. उलट पक्षी, बाईने तांबी बसवून घेतली असेल तर तिच्यामुळेच स्राव वाढलेला असू शकतो. दोन मुलांनंतर तांबी बसविली आणि तेव्हापासून अंगावरून जास्त जाऊ लागले, हा संबंध बाईला स्वतःला कळलेला असतो, पण विचारल्याशिवाय ती तो सांगत नाही.

अतिस्रावाच्या कारणांचे जागतिक वर्गीकरण २०११ साली झाले आणि त्यात नऊ गट केले आहेत. त्यांपैकी काही असे: गर्भाशयातील गाठी, अस्तरातले मोड, अनियमित बीजविमोचन, क्वचित कर्करोग, आणि ज्याचा विचार सर्वांत कमी केला जातो तो रक्त गोठण्यातला जन्मजात दोष. फिनलंडच्या ओलांड बेटांवरील एका कुटुंबातील हिऑर्डिस नावाची मुलगी एरिक फॉन व्हिलेब्रांट या वैद्याच्या तपासणीत आली तेव्हा ती पाच वर्षांची होती. तिच्या व तिच्या आप्तांच्या रक्तदोषाचे वर्णन त्याने १९२६ साली प्रसिद्ध केले, आणि पुढे ती तेराव्या वर्षी, आपल्या चौथ्या पाळीत, रक्तस्रावाने मरण पावली. आज हा दोष त्याच्या नावाने ओळखला जातो. ज्या मुलीची पहिलीच पाळी दहा-बारा दिवस थांबली नाही, दात काढल्यावर किंवा नाक फुटल्यावर जिचे रक्त लवकर खळत नाही, जिच्या आईचीही तीच गत होती, तिच्या रक्ताची या दृष्टीने तपासणी व्हावीच. मुंबईत परळ येथे केईएम रुग्णालयाच्या आवारात राष्ट्रीय रोगप्रतिकार-रक्तविज्ञान संस्था याच प्रकारच्या विकारांवर काम करते. आईचेही असेच होते, हे ऐकून आपल्याकडे सारे निश्चिंत होतात. वास्तविक तेच ऐकून डॉक्टरने सावध व्हायला हवे.

औषधे असूनही ज्यांच्यापर्यंत ती पोहोचत नाहीत त्यांचे काय होते, हे मराठवाड्याने दाखवून दिले आहे. बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला निघणारी नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. मुकादमाकडून उचल घेतलेली, आणि एक दिवस खाडा झाला तर दंड भरावा लागणारी. पहाटेपासून ऊस तोडायचा, मोळ्या डोक्यावरून गाडीत चढवायच्या, फडात आडोसा नाही, पाणी नाही, आणि त्यातच पाळी. अशा स्थितीत पांढरे जाते, कंबर धरते, अंगावरून फार जाते, म्हणून डॉक्टरकडे गेलेल्या बाईला ‘पिशवी काढून टाका’ हा सल्ला मिळत गेला. २०१९ साली हे प्रकरण बाहेर आल्यावर नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली; ऊसतोडणी करणाऱ्या ८२,३०९ स्त्रियांच्या पाहणीत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. यांतल्या अनेक जणी तिशी-पस्तिशीच्या होत्या. गर्भाशयासोबत बीजांडेही काढली गेली असतील तर त्या वयात ऋतुनिवृत्ती एका रात्रीत येते. हाडे ठिसूळ होऊ लागतात, आणि ज्या शरीराने मोळ्या उचलायच्या तेच शरीर कायमचे खचते. म्हणजे काम टिकावे म्हणून जी शस्त्रक्रिया करून घेतली, तिनेच कामाची ताकद हिरावून घेतली. अतिस्रावाच्या बहुसंख्य रुग्णांना ही शस्त्रक्रिया लागत नाही, आणि ती करण्याआधी औषधांचा रास्त मुदतीपर्यंत प्रयोग झालेला असावा, ही वैद्यकशास्त्राची साधी शिस्त आहे. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रियांविषयी केंद्राने तयार केलेल्या मार्गदर्शक सूचना राज्यांनी अमलात आणाव्यात असा आदेश दिला. उसाच्या फडातले हे दुःख शहरापासून दूर आहे अशी समजूत कोणी करून घेऊ नये; मराठवाड्यातून पोट भरायला पुण्यात आलेल्या कुटुंबांबरोबर ‘पिशवी काढली की कटकट मिटते’ ही समजूतही पुण्यात आली आहे.

साधनांची बाब लहान दिसते, पण चालणाऱ्या बाईचा दिवस तिच्यावरच तरतो. राज्य शासनाने ८ मार्च २०१८ रोजी सुरू केलेल्या अस्मिता योजनेत जिल्हा परिषद शाळांतील मुलींना पाच रुपयांत आठ पॅडचे पाकीट देण्याची तजवीज होती. योजना स्तुत्य, परंतु जिला दिवसाला सहा-सात पॅड लागतात, तिचे आठ पॅड दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंतही पुरत नाहीत. रजोपात्र, म्हणजे ज्याला सर्वजण मेन्स्ट्रुअल कप म्हणतात ते, २५-३० मिलिलिटर रक्त धरते आणि काहींवर मोजणीच्या खुणाही असतात. पण ते रिकामे करण्यास कडी लागणारे दार आणि हात धुण्यास पाणी हवे. कचरावेचक बाईला आपल्या फेरीत तशी जागा क्वचितच मिळते. ज्या इमारतीचा कचरा ती उचलते तेथील शौचालय तिला वापरता येत नाही. याच बायांच्या हातांतून शहराची वापरलेली पॅड जातात. ती कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढावा, म्हणजे उघडून पाहावी लागणार नाहीत, ही मोहीम ‘स्वच्छ’ने पुण्यात चालवली, आणि ज्या घरांनी ती मानली त्यांनी एका अनोळखी बाईचा रोजचा अपमान कमी केला. वारीच्या वाटेवर राज्य महिला आयोगाच्या आरोग्यवारी उपक्रमातून २०२२ पासून पॅड आणि स्त्रियांसाठी आडोशाची सोय होऊ लागली आहे. असा बंदोबस्त वारीच्या दिवसांत होऊ शकतो, तर आळंदी रस्त्यावर वर्षभरही होऊ शकतो. त्याला निधीपेक्षा इच्छेची अधिक गरज आहे.

दवाखान्यात जाताना वहीचे पान सोबत न्यावे, आणि हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिन, थायरॉइड व पाळी चुकलेली असल्यास गर्भधारणेची तपासणी मागावी. वय पंचेचाळिसाच्या पुढे असेल तर अस्तराचा नमुना तपासायला हवा का, हेही विचारावे. तासाला एक पॅड पूर्ण भिजू लागले, घेरी येऊ लागली किंवा चार पायऱ्या चढताच धाप लागू लागली, तर सकाळ होण्याची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. आणि पहिल्याच भेटीत पिशवी काढण्याचा विषय निघाला, तर सही करण्यापूर्वी ससूनसारख्या मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात दुसरे मत घ्यावे. त्यासाठी सोनोग्राफीचे आणि रक्ताचे कागद हवेत, आणि ते मागितल्यापासून ७२ तासांत देणे डॉक्टरांवर वैद्यकीय आचारविषयक २००२ च्या नियमावलीने बंधनकारक आहे.